लाल गडी

लाइट कधी येईल ते सांगता येत नाही. बसा इथेच गच्चीवर. तनया, शाल नीट घे, जगतपुऱ्याची थंडी अंगात शिरते. आणि अभिजित, मघाशी तू हसलास ना, तुमच्या लहानपणीच्या व्हिडिओ गेमला लोक आता जुना म्हणून शोधत फिरतात यावर? मी एका माणसाला तो शोधताना पाहिलंय. त्याला हसू येत नव्हतं.

शेषराव आमच्या सिग्नल खात्यातला. अकोल्याकडचा, माझ्यासारखाच नोकरीनं इकडे हिंदी मुलखात आलेला. बनी पार्कच्या बाजूला रेल्वे क्वार्टरमध्ये माझ्या समोरच राहायचा. बायको सुलोचना, मुलगी रूपाली, बारा वर्षांची. शेषरावची रात्रपाळी असली की या दोघी मायलेकी टीव्हीला गेम जोडून बसायच्या. कॅसेट लावायची, ती चालली नाही की काढून फुंकर मारायची, परत लावायची. दोन रिमोट. रूपालीचा निळा गडी, आईचा लाल. दोघांनी मिळून पूल, खड्डे, गुहा ओलांडत जायचं. एकटा पुढे गेला तर पडदा सरकत नसे. दुसऱ्यासाठी थांबावंच लागे. सुलोचनावहिनी एवढ्या मोठ्यानं ओरडायच्या की आमच्या घरी ऐकू यायचं, "रूपे, थांब गं, मला येऊ दे!"

२००६ च्या जुलैत वहिनी काविळीनं गेल्या. अकरा दिवसांत सगळं संपलं.

चौथ्या दिवशी शेषराव बाहेरून घरी आला, तर रूपाली टीव्हीसमोर बसलेली. दोन्ही रिमोट मांडीवर. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा. दोन्ही गडी ती एकटीच चालवत होती. शेषरावचं डोकं फिरलं. "आई गेली आणि तू खेळतेस?" म्हणाला. वायरी उपटल्या, सगळं उचललं आणि रुळांपलीकडच्या कचऱ्यात भिरकावून आला.

त्या दिवसापासून पोरगी बोलली नाही.

एक शब्द नाही. जुलै गेला, दिवाळी गेली. शाळा सुटली. मग जेवण सुटायला लागलं. डॉक्टर झाले, हकीम झाले, कुणीतरी सांगितलं म्हणून दर्गाही झाला. डिसेंबरात डॉक्टरांनी शेषरावला बाजूला घेऊन सांगितलं, ही अशीच राहिली तर हातची जाईल. त्या रात्री त्यानं तिच्यापुढे वही ठेवली. म्हणाला, "बेटा, काय पाहिजे ते लिही. काहीही लिही." तिनं एकच शब्द लिहिला. गेम.

तो कचऱ्याकडे धावला. पाच महिन्यांनी काय असणार तिथे?

मग सुरू झाली शोधाशोध. एव्हाना ते मशीन कुणी ठेवत नव्हतं. दुकानदार म्हणायचे, भाईसाब, वो जमाना गया, कॉम्प्युटर ले जाओ. पंधरा दिवस हा माणूस ड्युटी संपली की सायकलवर टांग टाकून निघायचा. रविवारी, सतरा डिसेंबरला, दुर्गापुऱ्यात विजयजी म्हणून एका म्हाताऱ्या रिपेअरवाल्याचा पत्ता लागला. मीही सोबत होतो, म्हणून सांगतो. खोलीभर उघडे टीव्ही, मधोमध हा गृहस्थ. त्यानं माळ्यावरून एक मशीन काढलं. तेच. कॅसेटही तीच.

"रिमोट एक ही है," विजयजी म्हणाले. "दूसरे का सॉकेट ही नहीं बचा. देख लो."

मी बोट घालून पाहिलं. दुसऱ्या रिमोटच्या जागी नुसतं भोक. आत एक तारही नव्हती.

शेषरावनं ते मशीन स्वेटरच्या आत घेतलं, छातीशी धरलं आणि निघाला. क्वार्टरला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. मी माझ्या घरी गेलो. पुढचं मला त्यानं सकाळी सांगितलं. जसं सांगितलं तसं सांगतो.

दहा वाजता त्यानं मशीन जोडलं. रूपाली उठून बसली. स्वतः उठली, कित्येक दिवसांनी. कॅसेट काढली, फुंकर मारली, लावली. पडद्यावर विचारलं, खेळणारे किती? तिनं दोन निवडले.

शेषराव म्हणाला, "बेटा, रिमोट एकच आहे गं."

तिनं ऐकलंच नाही.

निळा गडी पळायला लागला. लाल जागीच उभा. पडदा सरकेना. निळा परत फिरला, लालजवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ दोघे तसेच. शेषरावला वाटलं, आता ही रडेल. त्यानं पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि लाल गडी चालायला लागला.

आधी दोन पावलं. मग थांबला. मग उडी मारली, खड्डा ओलांडला, पलीकडे उभा राहून वाट पाहायला लागला.

शेषरावनं मशीनकडे पाहिलं. भोक तसंच. रिकामं.

दोन तास दोघं चालत राहिली. पूल गेले, गुहा गेल्या. रूपालीच्या चेहऱ्यावर हसू होतं. पाच महिन्यांनी हसू. त्यानं तिच्या हाताला हात लावला... हात बर्फासारखा. ओठ निळे पडत चाललेले. श्वास यायचा, मग बराच वेळ यायचाच नाही. मग पुन्हा एक.

त्यानं तिला हलवलं. रजई गुंडाळली. तळवे चोळले. काही उपयोग नाही. डोळे पडद्यावर.

पडद्यावर शेवटची गुहा आली होती. टोकाला एक काळं दार. लाल गडी दाराशी जाऊन उभा.

शेषराव स्विचकडे झेपावला.

"पप्पा, बंद करू नका."

तिचा आवाज. पाच महिन्यांनी. तो जागच्या जागी थिजला.

"आई म्हणते, दारातून आत गेलं की झालं. मग परत उठायचं नाही."

बोट स्विचवर... आणि दाबता येईना. एकदा उपटल्या होत्या त्यानं वायरी. तेव्हा पोरगी अर्धी गेली होती. आता उपटल्या तर? आणि नाही उपटल्या तर?

निळा गडी निघाला होता. एक उडी. दुसरी.

शेषराव गुडघ्यांवर आला. टीव्हीच्या काचेला कपाळ लावलं.

"सुलोचना... मी चुकलो गं. ती तुला शोधत होती, मला कळलं नाही. मला ने. आत्ता ने. हिला नको. माझ्याकडे एवढीच आहे... सुलोचना, एवढीच आहे गं..."

मशीनची घरघर. दूर यार्डात इंजिन.

निळा दारापासून एका उडीवर.

लाल वळला.

दाराकडे पाठ केली. परत आला. निळ्याला ओलांडून मागे गेला. खड्ड्याच्या काठावर थांबला...

आणि उतरला. सरळ. खाली.

"आई!" रूपाली किंचाळली.

प्रत्येक गड्याला तीन जीव असतात त्या गेममध्ये; एकाचे संपले की दोघांचा खेळ संपतो. लाल पुन्हा उगवला. पुन्हा काठावर गेला. पुन्हा खाली.

"आई, नको! थांब, मला येऊ दे! आई!"

तिसऱ्यांदा लाल काठावर आला. या वेळी थांबला. बराच वेळ. शेषराव मला म्हणाला, गजानन, तो आमच्याकडे बघत होता.

मग तो तिसरा जीवही गेला.

पडदा काळा झाला. बारा वाजून चाळीस मिनिटं. रूपाली बापाच्या गळ्यात पडून रडली. हंबरडा फोडून रडली. त्या आवाजानंच मी जागा झालो होतो, पण दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. ते रडणं थांबवायचं नव्हतं. रडता रडता तिचं अंग गरम झालं. बाप-लेक तिथेच, जमिनीवर, झोपून गेले.

सकाळी सातला शेषरावनं मला खिडकीतून हाक मारली. दार आतून लावलेलं होतं, त्यानं माझ्यादेखत कडी काढली. रूपाली ओट्याशी बसून चहात पोळी बुडवून खात होती. "काका, या," म्हणाली. मी पुढे निघालो. पण शेषराव माझं मनगट सोडेना.

"मी नाही केलं," तो हळूच म्हणाला. "मला येतच नाही. तिला विचारलं, ती म्हणते, पप्पा, तुम्हीच ना?"

जुलैपासून त्या पोरीनं केसांना कुणाला हात लावू दिला नव्हता. जटा झाल्या होत्या.

मी वाकून पाहिलं. मधोमध सरळ भांग. दोन घट्ट वेण्या, वर दुमडून बांधलेल्या, शाळेत जाताना बांधतात तशा.

मी बोट लावलं.

तेल अजून ओलं होतं.