डावीकडं ओढणारी कयाक

रुपानं ऐन वेळेवर दगा दिला. "मी मोनूसंगच बसीन बाप्पा," म्हणाली आणि त्याच्या कयाकमध्ये चढून मोकळी झाली. कॉलेजपासूनची मैत्रीण, पण होणारा नवरा दिसला की हिला दुसरं काही दिसत नाही! राहिले मी, दोघांची एक कयाक, आणि मोनूचा लाखांदूरचा दोस्त अंकुश. मोटारपंपांचं वाइंडिंग करायचं दुकान होतं म्हणे त्याचं.

"तुम्ही पुढं बसा, मी मागून सांभाळतो," तो म्हणाला.

"सांभाळायले मी काय पोतं आहो का?"

"नाही जी... पोतं बोलत नाही."

हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

वैनगंगेतून कारध्याहून निघायचं, तीन दिवसांत गोसेच्या धरणापाशी पोचायचं आणि मुक्काम बेटांवर करायचा, असं ठरलं होतं. बेटं कसली, बुडालेल्या शिवारांची उरलेली टेकाडं ती! वाळकी खोडं, दगड आणि ऊन. मी आले होते, कारण घरी जीव लागत नव्हता. नागपूरच्या स्थळाला रविवारी उत्तर द्यायचं होतं. मुलगा वाईट नव्हता. "आता मागावर बसायची गरज नाही," असं तो चहा पिता पिता म्हणाला आणि घरचे खूश झाले. आई तेवढी माझ्याकडं पाहत होती. मी आंधळगावची, बाबांच्या शेजारी बसून कोशाचं रेशमी कापड विणत मोठी झालेली. मला मागावर बसायचंय का, हे कुणी विचारलंच नाही. "फिरून आल्यावर सांगीन," म्हणून मी निघाले होते.

दुसऱ्या दुपारपर्यंत जीव मेटाकुटीला आला. खांदे पेटले होते, ओठ फुटले होते, आणि कयाक सारखी डावीकडं जात होती. रुपा-मोनू पार पुढं निघून गेलेले.

"तुले सरळ चालवता येत नाही का?" मी मान न वळवताच ओरडले. तुम्ही-बिम्ही केव्हाच गळून पडलं होतं.

"चुकलं," मागून आवाज आला. भांडतही नव्हता मेला!

संध्याकाळी बेटावर उतरलो. त्याला बिस्किटाचा पुडा फोडता येईना. मी हात ओढून पाहिला, तर डाव्या तळव्याची कातडी सोललेली.

"हे काय रे?"

"काही नाही... तू उजवीकडून जोरात ओढतेस. मी डावीकडून भरून काढतो. रुपा सांगत होती, तू विणतेस. मागावर धोटा पळवायची दोरी कोणत्या हातानं ओढतेस?"

"उजव्या," म्हणाले, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. दोन दिवस याला शिव्या घातल्या, आणि खोट माझ्याच हातात होती.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं, तर तू हात आवरत बसली असती." तो पाण्याकडं पाहून बोलत होता. "इतका चांगला हात... आवरायचा कायले?"

सिनेमात अशा वेळी ओढणी फाडतात. मी मोनूच्या पिशवीतली चिकटपट्टी आणली. पट्टी लावता लावता नागपूरचं सगळं त्याला सांगून टाकलं. तो नुसता "हं" म्हणाला आणि पट्टीची टोकं दाबत बसला.

तिसऱ्या दिवशी इतकी थकले होते की स्वतःशी खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. मला तो आवडला होता. पाठीमागं त्याचं वल्हं वाजायचं, तेवढंच बरं वाटायचं.

"रविवारी... काय सांगशील?" त्यानं विचारलं.

"तुले काय करायचं?"

"नाही... असंच."

असंच म्हणे! मी वल्हं पाण्यावर आपटलं.

काठावर पोचले आणि चिखलातच बसकण मारली. फोनला रेंज आली, लगेच आई. "दामिनी, नागपूरवाल्यायचा फोन येऊन राहिला. काय सांगू वं?"

"नाही म्हण."

"काहून? दुसरा कोणी आहे का?"

अंकुश एका हातानं कयाक वर ओढत होता. "विचारून सांगीन," मी म्हणाले. त्याच्या हातातून कयाक सुटली.

"कोणाले विचारणार आहेस?" तो म्हणाला.

"मी काहून विचारू? तू विचार. अन् खाली बसून विचार, मान वर करायची ताकद नाही माझ्यात."

तो खरंच चिखलात बसला. कान लाल झाले होते. "दुकानामागं एक खोली रिकामी आहे... तुझा माग बसते तिच्यात. तू... येशील?"

"येईन," मी म्हणाले. रडू आलं. थकव्यानंच असेल.

फोन मी ठेवलाच नव्हता. आतून आईचा आवाज आला, "अवं, त्या खोलीत उजेड येते का, ते विचार आधी!"

"येते जी," अंकुश चिखलातूनच ओरडला, "सकाळी भरपूर येते."