हेड उतरवलेलं इंजिन

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण माझे वडील थापा मारणाऱ्यातले नव्हते. देवभोळे तर नव्हतेच. नारळ फोडायचे तेही चटणीसाठी.

मे १९५९. भिलाईत पोलाद कारखान्याचं बांधकाम जोरात होतं. तिथल्याच सुपेला वस्तीत एका ठेकेदाराच्या टिनाच्या शेडमध्ये वडील, मारोतराव, ट्रकचे मिस्त्री होते.

भर दुपार. समोर गिट्टीचा ट्रक. इंजिनाच्या वरच्या झाकणाला, म्हणजे हेडला, चीर पडलेली... दुसऱ्यांदा.

पहिल्या वेळी ड्रायव्हर फकिरा म्हणाला होता, "दादा, इंजिनच बदलवा. खालून ठोकून राहिलं."

वडिलांनी ऐकलं नाही. हेड दुरुस्त केलं, खालचं झिजलेलं तसंच ठेवलं. आठव्या दिवशी चढावर इंजिन जाम झालं. ट्रक मागे घरंगळला.

फकिरा गेला.

आता त्याच ट्रकवर कवडू जाणार होता. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते.

"मारोतराव, हेड करून टाका," ठेकेदार म्हणाला. "इंजिन कायले बदलवता? काम अडून राहिलं."

वडिलांनी होकाराची मान हलवली.

सगळे जेवायला गेले. वडिलांनी लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेतला. टोक इंजिनाला, मूठ कानाला. मिस्त्री असंच आतलं ऐकतात. पण चालू इंजिनाचं. सवयीने हात गेला, एवढंच.

इंजिन बंद होतं. हेड उतरवून बाकावर ठेवलेलं होतं.

तरी आत... इंजिन चालत होतं.

आणि त्याच्या मागून...

ठक. ठक. ठक.

मडगार्डवर तीनदा ठोकायचं, म्हणजे 'बंद करा'. ही फकिराची खूण होती.

"चुकलं रे माह्यं, फकिरा..."

आवाज थांबला.

ठेकेदाराशी भांडून, नोकरी पणाला लावून वडिलांनी दुसरं इंजिन बसवायला लावलं. जुन्याचं तेल सोडलं, तर त्यात लोखंडाचे तुकडे निघाले. कवडू नातवंडं खेळवून मग गेला.

इथे संपलं असतं तर बरं होतं.

जुनं इंजिन शेडमागे पडून होतं. एका सकाळी ते जागेवर नव्हतं.

"हेड करून देऊन टाकलं एकाले," ठेकेदार हसला. "मस्त चालून राहिली त्याची गाडी."

कुणाला दिलं, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढे भिलाईच्याच सेक्टर २ मध्ये राहायला आल्यावरही, रस्त्यावर ट्रक थांबला की वडील भरल्या ताटावरून उठायचे. पेचकस घेऊन इंजिन ऐकायला धावायचे. ड्रायव्हर हसायचे. आम्हाला लाज वाटायची.

आता वडील नाहीत. पेचकस माझ्याकडे आहे.

मी तो कशालाच टेकवत नाही.