देवपूरच्या मोरीतला विषप्रयोग

धुळ्यात विषप्रयोग होत नाही. इथली माणसं तोंडावर शिव्या देऊन मोकळी होतात, अशी फौजदार छगनरावांची अढळ श्रद्धा होती. १९३४च्या श्रावणात, पटकीची साथ चालू असताना, एका सकाळी ती मोडली.

देवपुरात रुपचंदशेठच्या बायकोला, कुंदाबाईला, मोरीतून बेशुद्ध बाहेर काढलं होतं. शेठ नगरपालिकेच्या आरोग्य कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी गुन्हेगारही तयार ठेवला होता. बाहेरची झाडलोट करणारी रुपली अंगणात उकिडवी बसली होती. तिचा जर्मनचा कप कुंपणाच्या भिंतीवर पालथा होता.

"हिने चहात काहीतरी घातलं," शेठ म्हणाले.

"मी काहीच करेल नही, भाऊ," रुपली म्हणाली. फौजदारांनी ते लिहून घेतलं नाही.

डॉक्टर दौऱ्यावर, म्हणून दवाखान्याचा कंपाउंडर तोताराम आला. ओकारी व्हावी म्हणून शेजारणी कुंदाबाईला मिठाचं पाणी पाजत होत्या. त्याने तांब्या काढून घेतला, बाईंना ओसरीवर वाऱ्यात बसवलं आणि साध्या पाण्याने त्यांचे डोळे धूत राहिला. डोळे लालभडक. खोकला थांबेना. हिरव्या लुगड्यावर पांढरे डाग.

मग तो मोरीत शिरला. खिडकी घट्ट लावलेली. कोपऱ्यात पालिकेच्या ब्लीचिंग पावडरीचा डबा. कोनाड्यात बाटलीच्या बुडाचा ओला गोल, पण बाटली नाही.

"ओकारी झाली होती?" बाहेर येत त्याने विचारलं.

"नाही," शेठ म्हणाले.

"चहा कोणी केला?"

"सांगितलं ना, रुपलीने."

"चुलीवर?"

"मग काय विहिरीवर?"

"शेठ, तिचा कपसुद्धा तुम्ही घरात घेत नाही. तिच्या हातचा चहा तुमच्याकडे कधीपासून चालतो?"

फौजदारांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तिला आतल्या मोरीत पाऊल टाकायची बंदी, म्हणून मोरी कुंदाबाईंनी घासली," तोताराम म्हणाला. "विष पोटात गेलंच नाही, श्वासातून गेलं. ते डाग पावडरीचे. नुसत्या पावडरीने दगड उजळेना, म्हणून वरून तेजाब ओतलं. त्यातून जो वायू निघतो, तो छाती जाळतो. डब्यावर इंग्रजीत छापलंय, आम्लात मिसळू नये. या घरात इंग्रजी कोणाला येतं?"

"बाटली यांनीच दिली," कुंदाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "वास शेजारी जायला नको म्हणून दारही यांनीच ओढून घेतलं."

"चूक झाली," शेठ म्हणाले. "उद्या साथीपायी घरोघरच्या मोऱ्यांची तपासणी होती. अध्यक्षाच्याच घरी असं झालं म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"चूक मोरीत झाली," तोताराम म्हणाला. "मग बायको धापा टाकत असताना तुम्ही बाटली लपवलीत, आणि रुपलीला तुरुंगात घालायला निघालात. याला चूक म्हणत नाहीत."

बाटली शेठच्या कपाटात सापडली. फौजदारांनी बराच वेळ कलम शोधलं. आरोग्य कमिटीच्या अध्यक्षाला लागू पडेल असं एकही त्यांना सापडलं नाही. रुपलीला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी तिला कामावरून काढलं. पोलिसांत नाव गेलेली बाई दारात नको, म्हणून.