आतली रेघ

बसा पावणं. तुम्ही परकं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

काल सकाळी वैरण आणायला शेतात गेलतो. आमच्याकडं रक्षा नदीत सोडत न्हाईत, शेतात पुरून वर रोप लावत्यात. माझ्या बायकोचं, शालूचं, पेरूचं रोप बांधाकडंला हाय. त्याच्याभोवती गोल, पांढऱ्या अळंब्या उगवलेल्या. मी तोंड फिरवलं.

गोल अळंबी उभी कापून घरातल्या थोरल्याला दाखवायची, ही आमची रीत. आत निव्वळ पांढरी असली तर खायची. छत्रीसारखी बारीक रेघ दिसली तर विषारी. गेल्या साली शालूनं दोन फाका माझ्यापुढं धरल्या. "रेघ हाय काय, बघा की." डोळ्यावर चष्मा नव्हता. दिसत न्हाई म्हणायची लाज वाटली. "पांढरी हाय, टाक कालवणात," म्हणून खेकसलो. माझा जोतिबाचा रविवार, उपास. ती एकटी जेवली आणि चौथ्या दिवशी गेली. गावाला कावीळ सांगितली. लेकीलाबी तेच. शेण खाल्लं मी, दुसरं काय.

वैरण टाकून घरात आलो, तर लेक चुलीपाशी पाठमोरी. वर्षश्राद्धाला पुण्यासनं येणारच होती.

"कवा आलीस क्रांती?"

घरभर ओल्या मातीचा वास. धुरात तोंड नीट दिसंना. तिनं दोन फाका पुढं धरल्या.

"रेघ हाय काय… बघा की."

काल चष्मा होता. रेघ लख्ख दिसली. पण शब्द शालूचेच, हिला कळलंय की काय? हाय म्हणालो, तर ती विचारणार, मग आईला का न्हाई सांगितलं?

"पांढरी हाय," मी म्हणालो. "पर… समदी मलाच वाढ. तू खाऊ नको."

तिनं वाढलं. मी खाली मान घालून खाल्लं. चव चांगली होती, त्याचाच राग आला.

परसात हात धुऊन आलो, तर दारात क्रांती, खांद्याला बॅग. "मुरगूडची एस्टी आत्ता आली, आबा."

चुलीला हात लावून बघितला. गार होती.

रात्रभर उलट्या झाल्या. आता क्रांती दवाखान्यात न्यायचं म्हणतीया. डॉक्टर विचारणार, काय खाल्लं? खरं सांगितलं तर समदंच सांगावं लागतंय. मग लेक माझं तोंड बघायची न्हाई. म्हणून शिळं खाल्लं म्हणालो. तिला पटलं.

ऐका, भांडी घासतीया. मघाशी तिथनंच विचारत होती, "आबा, मी यायच्या आधीची ही दोन ताटं. एक तुमचं. दुसऱ्यात कोण जेवलं?"