लॉटरीच्या टूलला किती वेळा विचारायचं

"फोटो काढायचा नाय. तिकीट घ्यायचं तर घ्या," परळच्या लॉटरीवाल्याने मनालीला दुसऱ्यांदा बजावलं, आणि शेजारून कोणीतरी हसलं.

मनालीचं डोकं आधीच फिरलेलं. समोरच्या काचेच्या टॉवरमध्ये तिचं ऑफिस. तिथे एका टूलचं, म्हणजे लॉटरीचा निकाल शोधणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, डॉक्युमेंटेशन लिहिणं तिच्या गळ्यात पडलं होतं. लोकांनी एआय एजंटला विचारायचं, बाबा रे, माझं तिकीट लागलं का? एजंटने हे टूल वापरून निकाल बघायचा आणि सांगायचा. पण टूल वापरायचं कसं, हे एजंटला समजावणार कोण? मनाली. आणि ज्या महाभागाने टूल बनवलं त्याने तिच्यासाठी एकच ओळ खरडली होती— 'नंबर द्या, निकाल घ्या.' नंबराआधी सिरीज असते, सोडतीची तारीख असते, याचा पत्ताच नाही. म्हणून बाईसाहेब भर उन्हात तिकिटं न्याहाळत उभ्या.

"हसायला काय झालं?" ती वळून म्हणाली.

"काही नाही... मी पण तेच बघायला आलोय." उंच, सावळा, गळ्यात तिच्याच ऑफिसचं ओळखपत्र. "मी बुद्धभूषण. वरच्या मजल्यावर असतो. ते लॉटरीचं टूल—"

"नंबर द्या, निकाल घ्या?"

तो ओशाळला. ओशाळला की याच्या गालाला खळी पडते, हे तिला दिसलं. आणि दिसलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

मग रोजचंच झालं. टपरीवर चहा आणि तिचे प्रश्न.

"सोडतीच्या आधी विचारलं तर टूल काय म्हणतं?"

"काहीच नाही. गप्प बसतं."

"तुझ्यावरच गेलंय."

तो खाली बघून हसायचा. ग्लास पुढे करताना बोटांना बोट लागायचं, आणि तो हात असा मागे घ्यायचा की चहाच सांडायचा. हा माणूस सगळं करायचा हो. चहात आलं जास्त घालायला सांगायचा, कारण तिला आवडतं. राहायला नायगावात, तरी उलट्या दिशेला घोडपदेवच्या नाक्यापर्यंत तिला चालत सोडायला यायचा. फक्त बोलायचा नाही. पाऊस आला, गणपती गेले, दिवाळी आली तरी तोंडातून चकार शब्द नाही. आता रविवारी कुडाळचं स्थळ मनालीला बघायला येणार होतं. गुरुवारी तिने त्याला हे मुद्दाम सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. बस्स. एवढंच.

शुक्रवारी दुपारी टूलची चाचणी सुरू झाली आणि थोड्याच वेळात त्याचा फोन. "मनाली, वर ये. तुझा एजंट माझा जीव घेतोय."

ती धावत वर गेली. संध्याकाळची सोडत अजून व्हायचीच होती, आणि एजंट टूलला विचारत सुटला होता. लागला निकाल? गप्प. लागला? गप्प. लागला? शेवटी टूलने मान टाकली. मनालीने आपलंच डॉक्युमेंटेशन उघडलं. त्या 'अच्छा'नंतर तणतणत तिनेच लिहिलं होतं, 'निकाल लागला नसेल तर पुन्हा विचारा.' किती वेळाने, किती वेळा— काहीच नाही. आता ही चूक कोणावर ढकलायची? निमूट बसून तिने वाक्य बदललं. 'सोडतीची वेळ सांगा आणि थांबा.'

"काय चिवट आहे ना," बुद्धभूषण कौतुकाने म्हणाला. "दमतच नाही."

आणि मनालीचा बांध फुटला.

"मग शीक ना त्याच्याकडून काहीतरी. त्याला ना मन, ना काळीज, तरी विचारून विचारून टूल पाडलं त्याने. तुला एकदा विचारता येत नाही?"

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले.

"काय... विचारू?"

"राहू दे. मीच विचारते. लग्न करशील माझ्याशी?"

"हो."

इतक्या पटकन की तीच गडबडली. "मग इतके दिवस काय झालं होतं?"

"आम्ही बौद्ध, तुम्ही परब," तो हळू आवाजात म्हणाला. "तुला घरी भांडावं लागलं असतं. माझ्यामुळे."

"भांडायचं की नाही ते मी ठरवणार. तू कोण परस्पर ठरवणारा?"

"आईला सांगितलंय मी. तुझ्याबद्दल."

"कधी?"

"गणपतीत."

"आईला सांगितलंस, आणि मला नाही?"

"ती म्हणाली, आधी पोरीला विचार. तिथेच... अडलो."

हसावं की याच्या डोक्यात कीबोर्ड घालावा, तिला कळेना. डोळे मात्र भरून आले होते. किती आवडायचा तिला हा मठ्ठ माणूस. त्याच्यासमोरच तिने घरी फोन लावला.

"आई, कुडाळवाल्यांना नको म्हणून कळव."

पलीकडे आईने टीव्हीचा आवाज बारीक केला. "नाक्यापर्यंत सोडूक येता, तोच मां?"

"हो."

"बाबांका मी सांगूचंय नाय. तूच सांग."

"सांगते. आज सांगते."

आईने सुस्कारा सोडला. "आणि रविवारच्या पोह्यांचा काय करू?"

मनालीने बुद्धभूषणकडे पाहिलं.

"पोहे कर," ती म्हणाली. "माणसं येतायत. फक्त दुसरी."