खुर्चीचा पहिला मान

कलमापक यंत्राच्या खुर्चीत रोज सकाळी सगळ्यांत आधी हेमांगी देवस्थळी बसायची. "पहिला मान तुझा," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. तुळपुळे म्हणायचे. यंत्र दोन्ही पक्षांची विधाने ऐकवी, मेंदू कुणावर किती चटकन विश्वास ठेवतो ते मोजी आणि माणसाचा कल आकड्यात सांगे. पाच वर्षांत हेमांगीचा आकडा शून्यावरून हलला नव्हता. निवडणुकीने घराघरांत भांडणे लावली असताना आपण मधोमध उभ्या आहोत, याचा तिला कोण अभिमान!

आकडा तीनच्या वर गेला की मतमोजणीच्या कामावरून नाव कमी व्हायचे, आणि त्या कागदावर सही हेमांगीची. साडेसहाशे जणांना तिने असे घरी बसवले होते. त्यांत तिचा सख्खा भाऊ सुहासही होता. त्याचा आकडा चार.

"ताई, मी बेइमानी करीन असं तुला वाटतं?" त्याने विचारले, तेव्हा तिने नुसते यंत्राकडे बोट दाखवले. त्या वर्षापासून भाऊबीज बंद.

आज सुहास फेरतपासणीला आला. हेमांगीला उशीर झाला होता, डॉक्टर बैठकीत होते, म्हणून यंत्र चालवणाऱ्या शिर्केबाईंनी त्यालाच आधी बसवले. शून्य! हेमांगी धावतपळत पोचली, आकडा पाहून तिचे डोळेच भरून आले. मग सवयीने तीही बसली.

चार.

ती पुन्हा बसली. पुन्हा चार. तेवढ्यात डॉक्टर आले.

"सर, यंत्र बिघडलंय."

"नाही गं. ते फक्त फरक मोजतं. कुणापासूनचा फरक, ते त्याला सांगावं लागतं. दिवसातला पहिला माणूस म्हणजे शून्य."

"म्हणजे रोज मी?"

"कुणाला तरी धरायलाच हवं होतं. तू प्रामाणिक वाटलीस."

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांना गुरू मानले, त्यांनी तिला किलोच्या वजनासारखे वापरले, आणि वर त्याला मान म्हटले!

"माझ्या सहीनं माणसं गेली, सर! माझ्यासारखी नव्हती, एवढ्यासाठीच?"

"हळू बोल. उद्या लवकर ये, पहिली बस. पुन्हा शून्य होशील."

हेमांगीने आशेने सुहासकडे पाहिले. हा खोटेपणा आता तरी तो चव्हाट्यावर आणील, असे तिला वाटले.

"ताईला कशाला त्रास?" सुहास डॉक्टरांना म्हणाला. "उद्यापासून मी येतो ना लवकर."