तिसऱ्या बॉयलरची घंटा

घंटा वाजलीच नाही.

हिंगणा रस्त्यावरच्या कागद गिरणीत तिसरा बॉयलर फुटला तेव्हा जागेश्वर त्याच्या समोरच उभा होता. तडकलेल्या पत्र्यानं त्याची छाती फाडली आणि उरलंसुरलं वाफेनं उरकलं. पाळीवरचे कामगार लोखंडी पाईप घेऊन थेट कॉम्प्युटरच्या खोलीत घुसले. बॉयलरमधलं पाणी उतरलं की घंटा वाजवायचं काम कॉम्प्युटरचं होतं आणि तो प्रोग्राम वसंतनं लिहिला होता. वसंतचे दोन्ही हात आणि जबडा मोडेपर्यंत त्याला बडवलं. पहिला दगड उचलला होता जागेश्वरच्या बायकोनं, गिरणीतच काम करणाऱ्या सुभद्रानं.

ही सोमवार दुपारची गोष्ट. साल शहाऐंशी.

मंगळवारी सकाळीच इन्स्पेक्टर बळीराम वासनिकांनी प्रेमिला गजभियेला बोलावून घेतलं. ती इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. खोलीत पायाखाली काचा करकरत होत्या, की-बोर्डवर रक्त वाळलं होतं. मशीन मात्र चालू होतं. पडदा तेवढा गोठलेला.

दारात फोरमन बाबनराव उभा होता. त्याच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता.

"मॅडम, पयले ते मशीन बंद करा. माणूस खाल्ला त्यानं."

प्रेमिलानं कुणालाही हात लावू दिला नाही. मशीन बंद केलं की त्याच्या मेमरीतलं सगळं पुसलं जाणार होतं.

ऑपरेटर नानाजीनं जे माहीत होतं ते सांगितलं. प्रोग्राममध्ये खोट होती. मेमरी हळूहळू भरत जायची, महिनाभरात मशीन गोठायचं. वसंतनं ते कधी लपवलं नव्हतं. खोट सापडेपर्यंत दर सोमवारी सकाळी मशीन बंद करून पुन्हा चालू करा, असं त्यानं सगळ्यांना बजावलं होतं.

"मी कालही केलं, ताई," नानाजी म्हणाला. "महिन्याची मेमरी चार तासात कशी भरली, मले काही समजून नाही राहिलं."

प्रेमिलालाही तेच समजत नव्हतं.

वासनिकांनी बाबनरावाला समोर बसवलं.

"स्फोट झाला तेव्हा कुठे होतास?"

"गोदामात. सकाळपासून तिथंच होतो."

"बॉयलरला पाणी देणारा पंप बंद सापडला. कोणी केला?"

"जागेश्वरच विसरला असन, साहेब."

"हाताला काय झालं?"

"पोट्टे वसंतले मारून राहिले होते. मी सोडवाले गेलो, तं पाईप लागला."

बाहेर व्हरांड्यात सुभद्रा भिंतीला टेकून बसली होती. प्रेमिला तिच्याजवळ बसली. सुभद्रानं तिला सांगितलं. गेल्या वर्षी बाबनरावानं देवाजी नावाच्या कामगाराचा डोळा सळईनं फोडला होता. पाहणारा एकटा जागेश्वर. येत्या बुधवारी कोर्टात त्याची साक्ष व्हायची होती.

प्रेमिला आत आली आणि कॉलेजातून आणलेलं दुसरं मशीन जोडून, मेमरी नेमकी कशानं भरली आहे ते उघडून पाहू लागली. त्याच्या पडद्यावर एकच मजकूर, ओळीमागून ओळ: तिसऱ्या बॉयलरची तार सुटली, तार जोडली. सुटली, जोडली. पुन्हा तेच.

ती उठली आणि बॉयलरघरात गेली. दुसरा बॉयलर चालू होता. पाण्याची पातळी कॉम्प्युटरला कळवणाऱ्या त्याच्या तारेचा पितळी प्लग एका अरुंद पेटीत, वाफेच्या नळाला लागूनच होता. हातमोजा आत शिरेना. तिनं उघड्या बोटांनी प्लग धरला आणि झटक्यात सोडला. बोटांना फोड आले होते.

तिनं सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"वसंतची चूक एवढीच," ती म्हणाली. "तार सुटली की तिची नोंद करायला प्रोग्राम थोडी मेमरी घेतो आणि ती परत द्यायला विसरतो. एरवी तार क्वचित सुटते. काल सकाळी कोणीतरी ती मुद्दाम सैल करून सारखी हलवत होतं. तार सैल असली की मशीन लवकर गोठतं, हे बॉयलरघरात रोज वावरणाऱ्याच्याच लक्षात येऊ शकतं. क्षणभर तार सुटली तर पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून नानाजीला कळलं नाही. मेमरी भरली, मशीन गोठलं. मग त्या माणसानं पंप बंद केला. पाणी दाखवणारी काचनळी आदल्या दिवशीच फुटली होती, की फोडली होती? जागेश्वर घंटेच्या भरवशावर उभा राहिला. आणि मशीन बंद करायची घाई इथं एकालाच होती. बाबनराव, रुमाल सोडा. पाईपचा मार काळानिळा असतो. भाजलेलं वेगळं दिसतं."

बाबनरावानं रुमाल सोडला नाही. कोळसा ओढायची सळई उचलून त्यानं तिच्या डोक्यावर उगारली. वासनिक मधे पडले. त्यांच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा वार करायच्या आत कामगारांनी त्याला भुईवर दाबलं. झटापटीत रुमाल सुटला. अंगठा आणि दोन बोटांची कातडी सोलून निघाली होती.

"साक्ष देतो म्हणाला नसता तं जगला असता," बाबनराव धापा टाकत म्हणाला.

कामगारांचे हात वर उठले. वासनिकांनी एका हातानं पिस्तूल काढलं तेव्हाच ते थांबले. पाईप घेऊन वसंतकडे धावताना सगळ्यांत पुढे बाबनरावच होता, हे आता एकेकाला आठवू लागलं.

संध्याकाळी प्रेमिला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेली. वसंतचं तोंड तारांनी बांधलेलं होतं. त्याचे डोळे एकच विचारत होते: माझ्यामुळे मेला का? तिनं खोटा दिलासा दिला नाही. चूक कुठल्या ओळीत होती ते सांगितलं, मग खून कोणी केला तेही सांगितलं. वसंत रडला.

दारापाशी सुभद्रा उभी होती. ती आत आली, स्टूल ओढून खाटेजवळ बसली. वसंतचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले.

"मले मालूम नव्हतं गा," ती म्हणाली.